भादव्याचं आभाळ कसं वाचायचं: सातपुडा आणि तापीकाठासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरचा हवामान आडाखा

पोळा झाला की आमच्याकडे पारावर, डेअरीवर, फवारणीचा पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर एकच प्रश्न फिरतो: "भाऊ, पानी यी का नही?" जूनमध्ये या प्रश्नात आस असते, सप्टेंबरमध्ये धास्ती. उडीद-मूग खळ्यात आलेला असतो, मान्सूनपूर्व लावलेल्या कपाशीची खालची बोंडं फुटू लागलेली असतात, केळीचे घड लोंबत असतात. त्याच वेळी दादर (रब्बी ज्वारी) पेरायला ओल हवी असते आणि विहिरीला अजून चार हात पाणी हवं असतं. एकाच बांधाच्या अलीकडच्याला उघाड हवी असते आणि पलीकडच्याला पाऊस.

या दोन महिन्यांचा अंदाज मी कसा काढतो आणि त्यावरून कामं कशी ठरवतो, ते इथे क्रमाने लिहितो. हवामानशास्त्र मी शिकलेलो नाही. वावर आहे, एक वही आहे आणि पंधरा-वीस वर्षांच्या चुका आहेत.

आधी आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे एक लांबट परात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीची टोकं आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. या परातीत पाऊस सारखा पडत नाही. नवापूर-अक्कलकुवा भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, तर सह्याद्रीच्या आडोशाला पडलेल्या धुळे-शिंदखेडा पट्ट्यात पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. म्हणून "खान्देशात पाऊस" या दोन शब्दांवर कोणी वखर जुंपू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. टीव्हीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "मध्य महाराष्ट्रात मुसळधार" असं येतं, ते आपल्याबद्दल असतंही आणि नसतंही. हवामान खात्याच्या विभागणीत आपले तिन्ही जिल्हे मध्य महाराष्ट्र उपविभागात येतात, आणि त्याच उपविभागात सातारा, सांगली, कोल्हापूरही येतं. महाबळेश्वरच्या पावसाची बातमी ऐकून शिरपूरच्या माणसाने मका झाकत बसण्यात अर्थ नाही. उलट, आपल्या कामाचा पाऊस बऱ्याचदा नागपूर-भोपाळच्या बातमीत असतो. त्याकडे पुढे येतो.

कोणत्या पंधरवड्यात काय अपेक्षा ठेवायची

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा पावसाळाच असतो, त्याला शरद वगैरे म्हणू नका. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते ओडिशा-छत्तीसगडमार्गे मध्य प्रदेशात सरकतं आणि त्याच्या दक्षिणेच्या अंगाला आपण सापडतो. दोन-तीन दिवसांची झड लागते ती यातूनच. ऑगस्ट कोरडा गेला म्हणून सप्टेंबरही तसाच जाईल, असं धरून चालू नये. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला होता, आणि त्याच वर्षीचा सप्टेंबर सरासरीच्या वर गेला.

दुसऱ्या पंधरवड्यात पावसाची जात बदलते. मान्सून पश्चिम राजस्थानातून मागे फिरायला सुरुवात होण्याची सर्वसाधारण तारीख आता १७ सप्टेंबर धरतात. २०२० मध्ये तारखा सुधारण्यापूर्वी ती १ सप्टेंबर होती. सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता उतरली आणि खालच्या थरात वारे उलट फिरू लागले, की खातं त्या भागातून माघार जाहीर करतं. आपल्याकडून तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास निघतो. मुंबईसाठी ८ ऑक्टोबर ही तारीख धरलेली आहे.

मधल्या या दोन-तीन आठवड्यांत सकाळी लख्ख ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा, चार वाजता पूर्वेला काळा ढग आणि पाचला गडगडाट, असं चक्र चालतं. गुलाबाईची गाणी सुरू होतात आणि तेवढ्यात वीज जाते. जुन्या माणसांचं उत्तरा आणि हस्त नक्षत्र याच काळातलं. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती" ही म्हण मात्र ऑक्टोबरअखेरच्या पावसाची आहे, आणि ती रब्बीवाल्याची आहे. तेव्हा ज्याचा पांढरा कापूस वावरात फुटलेला असतो, त्याच्यासमोर ती म्हणू नका.

माघार झाल्यावर ऑक्टोबर हीट. जळगावात पारा पस्तीसच्या घरात रेंगाळतो, रात्री मात्र हळूहळू उतरू लागतात. पण एक पाहुणा या वेळापत्रकात बसत नाही: उपसागरातलं चक्रीवादळ. २०२१ मध्ये 'गुलाब' २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं, जमिनीवर येऊन विरलं, पण त्याचा उरलेला कमी दाब तेलंगण, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र ओलांडून थेट अरबी समुद्रात गेला आणि तिथे पुन्हा वादळ झाला. वादळ किनाऱ्यावर विरलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आपण मात्र तिथून दोन-तीन दिवस मोजायला लागावं.

अंदाज घ्यायचा क्रम

मी लांबून जवळ येतो.

महिन्याच्या शेवटी खातं पुढच्या महिन्याचा अंदाज देतं. तो "सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता" अशा भाषेत असतो. त्यावरून एवढंच ठरवायचं: रब्बीचं बी किती आणायचं, कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराला लावायच्या) केळीचा विचार करायचा का. त्यावरून कापणीची तारीख ठरवू नका.

दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा नकाशा येतो. त्यातले पहिले दोन आठवडे पाहावेत. पुढचे दोन मी नुसते चाळतो.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. 'मेघदूत' अ‍ॅपवर तो मराठीत मिळतो आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा असे आकडे असतात. आठवड्याची कामं मी यावर लावतो.

रोज दुपारी जिल्हानिहाय इशारा पाहायचा. हिरवा म्हणजे काही करायचं नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. सप्टेंबरअखेर आपल्याकडे बहुतेक दिवशी पिवळाच असतो, आणि लोक त्याला सरावतात. तिथेच फसगत होते. पिवळा कशासाठी आहे ते वाचा: 'विजांसह पाऊस' असेल तर माणसं-जनावरांची काळजी, 'जोरदार पाऊस' असेल तर मालाची.

आणि शब्द नीट वाचा, कारण खात्याचे शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे चारातल्या एखाद्या ठिकाणी किंवा त्याहून कमी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत. 'तुरळक ठिकाणी जोरदार' वाचून पाऊस आला नाही की लोक खात्याला शिव्या घालतात. अंदाजात मात्र चारातल्या तीन ठिकाणी तरी जोरदार पडणार नाही असंच म्हटलेलं असतं. 'जोरदार' लाही माप आहे: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिजोरदार.

शेवटी दुपारी तीननंतर, आभाळ भरलं असेल तर, तीन तासांचा तातडीचा इशारा आणि उपग्रहाचं चित्र. 'विंडी'सारखं अ‍ॅप वापरत असाल तर त्यातली दोन वेगळी मॉडेलं उघडून पाहा. दोन्ही एकच सांगत असतील तर भरवसा ठेवा. एक चाळीस मिलिमीटर म्हणतंय आणि दुसरं शून्य, तर अजून त्यांनाच ठरवता आलेलं नाही असं समजा आणि माल झाकून ठेवा. दहाव्या दिवसाचा तासावार पाऊस दाखवणाऱ्या अ‍ॅपला मी करमणूक मानतो.

मग दारात उभे राहून वर पाहा

खालचे ढग कोणीकडे चाललेत, ही एक खूण मला सगळ्यांत उपयोगी पडली आहे. नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येत असतील तर मान्सून अजून आहे. पाऊस येईल तो भुरभुर, लांबट, रात्रीही. ढग पूर्वेकडून, ईशान्येकडून सरकू लागले की परतीचा पाऊस सुरू झाला समजा. तो दुपारनंतर, वाऱ्यासह, तासाभराचा आणि गावापुरता येईल. आमच्या नदीच्या एका थडीला नाले भरले आणि दुसऱ्या थडीला धूळ उडत होती, असं मी याच दिवसांत पाहिलंय.

सकाळी दहालाच कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढायला लागले तर दुपार धोक्याची. दहापर्यंत आभाळ कोरं असेल आणि घाम लगेच सुकत असेल, तर त्या दिवशी खळ्याचं काम उरकून घ्यावं.

वर आभाळ कोरं, खाली नदीला पूर

तापी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. बऱ्हाणपूरवरून ती आपल्याकडे येते आणि चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते. ती अमरावती, अकोला, बुलढाण्याचं पाणी घेऊन आलेली असते. या दोघींचं पाणी भुसावळजवळच्या हतनूर धरणात येतं. म्हणजे जळगावात ऊन पडलेलं असताना हतनूरचे एक्केचाळीसपैकी किती दरवाजे उघडतील, हे बैतूल आणि अकोल्याच्या पावसावर ठरतं. तापीकाठी ज्यांची मोटर, पाइप किंवा काठावरचं कलिंगडाचं वावर आहे, त्यांनी सप्टेंबरभर जळगावच्या आधी बऱ्हाणपूर-बैतूल आणि पश्चिम विदर्भाचा इशारा पाहावा. तिकडे केशरी-लाल दिसलं की मोटर वर काढावी. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशाच्या बॅरेजजवळच्या गावांनाही हाच हिशेब लागू.

गिरणेचं गणित वेगळं. तिचं पाणी नाशिक जिल्ह्याच्या डोंगरातून, कळवण-सुरगाण्याकडून येतं. भडगाव, पाचोरा, एरंडोलच्या लोकांनी तिकडे बघावं. पांझरेसाठी साक्रीचा पाऊस आणि अक्कलपाडा धरण. तितूर-डोंगरी या चाळीसगावच्या नद्यांनी ३१ ऑगस्ट २०२१ ला काय केलं ते तिथल्या दुकानदारांना विचारा. डोंगरावर रात्रीत पडलेला पाऊस पहाटे बाजारपेठेत होता आणि वर कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद.

सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, गोमाईसारख्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. डोंगरावर ढग बसलेला दिसला आणि नाल्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहू लागला, की जनावरं आणि माणसं लगेच वर. फरशीपुलावर घोटाभर पाणी असलं तरी दुचाकी घालायची नाही. या एका गोष्टीवर मी कोणाशी वाद घालत नाही.

कामं लावायची कशी

पद्धत सोपी आहे: त्या कामाला किती सलग कोरडे तास लागतात ते आधी ठरवा आणि अंदाजात तेवढी उघाड शोधा. उलट, म्हणजे आधी मजूर सांगून मग आभाळ बघायचं, हे मी एकदा केलं. उडीद उपटून खळ्यावर पसरला, दोन दिवस छान ऊन, तिसऱ्या दिवशी मळणी यंत्रवाला "उद्या येतो" म्हणाला. रात्री पाऊस आला आणि चार दिवसांनी शेंगांतून कोंब बाहेर आले. इशारा मोबाइलवर दुपारीच आला होता. मी तो रात्री वाचला.

उडीद, मूग, सोयाबीन: उपटणीपासून मळणीपर्यंत तीन ते चार दिवस. मळणी यंत्र आधी पक्कं करा, मग उपटा. अंदाजात तीनच दिवस दिसत असतील तर अर्ध्याच वावराला हात लावा. गंजी उंचवट्यावर लावा आणि ताडपत्री वरून टाकण्याइतकीच खालूनही अंथरा. माल भिजतो तो पुष्कळदा खालून.

कपाशी: वेचणी दव उठल्यावर, दहाच्या पुढे. पाऊस येणार असेल तर आदल्या दिवशी फुटलेलं तेवढं वेचून घ्या, मजुरी थोडी जास्त गेली तरी चालेल. भिजलेल्या कापसाला डाग पडतो आणि भाव तिथेच बसतो. पाऊस होऊन गेला असेल तर दोन उन्हं खाऊ द्या. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे कापूस परत. म्हणून पहिल्या वेचणीचा ओलसर कापूस वेगळा ठेवा.

लांब उघडिपीनंतर एकदम जोराचा पाऊस झाला की एक-दोन दिवसांत कपाशीची हिरवीगार झाडं मान टाकतात. हा आकस्मिक मर. औषधाच्या दुकानात धावण्याआधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि वापसा, म्हणजे जमिनीत कामाजोगी ओल, येऊ द्या. आळवणी (मुळाशी औषध ओतणं) त्यानंतर, कृषी सहायकाला विचारून. ढगाळ आणि दमट आठवडा गेला की खालची बोंडं सडतात आणि गुलाबी बोंडअळीही याच दिवसांत जोर धरते. एकरी दोन कामगंध सापळे (गंधाने नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. फवारणी मात्र पुढचे पाच-सहा तास कोरडे असतील तेव्हाच, आणि सप्टेंबरअखेर तसे तास सकाळीच मिळतात.

मका: कणीस झाडावर वाळत असेल तर घाई नको, कोरडी उघाड मिळेपर्यंत उभा राहू द्या. ओला काढून ढीग लावला तर बुरशी धरतो. विकताना १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा मागतात.

केळी: रावेर-यावलकडच्यांना मी काय शिकवणार! तरी एक: परतीच्या पावसाचा वारा अर्धा तासच असतो, पण ओल्या जमिनीत घडाचं झाड पाडायला तो पुरतो. पिवळ्या इशाऱ्यात ताशी ३०-४० किलोमीटर वाऱ्याचा उल्लेख दिसला की टेकू आणि दोऱ्या तपासून घ्या. सलग दमट दिवस गेले की करप्याची पानं काढून बागेबाहेर न्या.

मिरची: नंदुरबारच्या पथाऱ्यांवर ऑक्टोबरमध्ये लाल मिरची पसरली की व्यापाऱ्यांचाही डोळा आभाळावर लागतो. घरी वाळवणाऱ्याने तेवढंच करावं, दुपारी तीनला एकदा पूर्वेकडे पाहावं.

विजा

या दोन महिन्यांत पुरापेक्षा विजेची भीती मोठी, कारण माणसं वावरात असतात. 'दामिनी' अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. नेटवर्क नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद भागिले तीन, म्हणजे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की काम थांबवा आणि पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. निंबाखाली उभं राहू नका, बैलही तिथे बांधू नका. तारेचं कुंपण, विहिरीवरची मोटर, पत्र्याचं उघडं शेड यांपासून दूर. काहीच आडोसा नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

डोंगरात जाणार असाल तर

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे आणि शहाद्याचं मैदान त्याच्या हजारेक मीटर खाली. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खाली पस्तीस असताना वर अठ्ठावीस-एकोणतीस, आणि ऑक्टोबरअखेर रात्री चांगलं कुडकुडायला होतं. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनी घोंगडी विसरू नये. सप्टेंबरमध्ये तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटात दरडी येतात. सलग दोन दिवस पाऊस झाला असेल तर तिसऱ्या दिवशी ऊन असलं तरी तिकडे जाऊ नका, ओल्या मातीला उशिरा जाग येते. घाट दुपारी दोनच्या आत उतरून घ्यावा.

वही आणि डबा

सरळ कडांचा एक डबा उघड्या जागी ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजा. खातंही साडेआठलाच मोजतं. एक मिलिमीटर म्हणजे एकरी साधारण चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटरचा पाऊस झाला तर एकरात लाखभर लिटर पडलं, मग ठिबक किती दिवस बंद ठेवायचं ते आपलं आपण कळतं.

दुसरा उपयोग कटू आहे. एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे नोंद झाली की ती अतिवृष्टी, आणि ही नोंद मंडळाच्या यंत्राची धरतात, तुमच्या डब्याची नाही. तरी तारखेसह वही आणि त्याच दिवशी काढलेले फोटो पंचनाम्याच्या वेळी बोलायला उपयोगी पडतात. मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या पुढे असावं लागतं. पीकविम्याचे नियम मात्र वरचेवर बदलतात. मागच्या वर्षी काय मिळालं यावर न जाता यंदाचं पत्रक वाचा.

दादरीसाठी ओल

रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ सांगतात. लवकर पेरली आणि वर जोराचा पाऊस आला तर जमीन दडपते, उशीर केला तर ओल खाली जाते. परतीचा एक चांगला पाऊस होऊन गेला, मेघदूतवर पुढचे चार-पाच दिवस कोरडे दिसले आणि ढग फिरून आभाळ निळं झालं, की वावरात जाऊन वीतभर खालची माती मुठीत घ्या. मूठ दाबल्यावर गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वापसा आलाय, पाभर जुंपा. गोळा तसाच चिकटून राहिला तर अजून एक-दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर हरभऱ्याचा विचार करा, आणि विहिरीत डोकावून या.